गर्दी कॅज्युअल्टीत, गाठ वॉर्डात

वाचकाचं पत्र

मी अडीचशे खाटांच्या एका रुग्णालयात उपवैद्यकीय अधीक्षक आहे. गुणवत्तेचं कामही माझ्याकडेच आहे. रोज सरासरी पंचेचाळीस रुग्ण दाखल होतात, सरासरी मुक्काम पाच दिवसांचा. आमच्या कॅज्युअल्टीत ‘दाखल करा’ असं ठरल्यावरही रुग्ण आठ-आठ, दहा-दहा तास स्ट्रेचरवर पडून राहतात, कारण वर बेड नसतो. दोन वर्षांपूर्वी कॅज्युअल्टीत सहा खाटा आणि एक डॉक्टर वाढवला. काही महिने बरे गेले, मग पुन्हा तेच. मागच्या महिन्यात असाच ताटकळलेल्या एका रुग्णाचा अँटिबायोटिकचा डोस चुकला, तब्येत बिघडली, आयसीयूत न्यावं लागलं. चौकशी होऊन ड्यूटीवरच्या सिस्टरला मेमो मिळाला. समितीत मीही होते, आणि ते मनाला लागून राहिलं आहे.

मध्यंतरी सिस्टिम्स थिंकिंगचं, म्हणजे सुटे भाग न पाहता त्यांचे एकमेकांवरचे परिणाम पाहण्याचं, प्रशिक्षण घेतलं. परत आल्यावर सगळ्या रुग्णालयाचा मोठा नकाशा काढला, कशाचा परिणाम कशावर होतो ते बाणांनी दाखवलं. बैठकीत तो सगळ्यांना आवडला, पण बदललं काहीच नाही. संचालक म्हणतात, “हे ठीक आहे, पण आणखी बेड किती लागतील तेवढं सांगा.” त्यांना काय सांगू? आणि सुरुवात नक्की कुठून करू?

उत्तर

डॉक्टर, नमस्कार.

संचालकांना खाटांचा आकडा इतक्यात देऊ नका. आकडा एकदा तोंडातून गेला की पुढची सगळी चर्चा त्याचीच होते: जागा कुठे, पैसा कुठून, मंजुरी कधी. आहे तो बेड वेळेवर रिकामा का होत नाही, हा प्रश्न मग कुणी विचारत नाही.

तुमच्याकडे दोन वर्षांपूर्वी जे झालं ते आधी नीट पाहू. अमेरिकेतल्या ब्रेंट अ‍ॅस्प्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली तातडीच्या विभागातल्या गर्दीची मांडणी तीन भागांत केली: आत येणारे रुग्ण, आत चालणारं काम आणि बाहेर पडण्याची वाट. आपलं लक्ष सहसा पहिल्या दोन भागांवर जातं. ‘किरकोळ तक्रारी घेऊन लोक येतात’, ‘ड्यूटी डॉक्टर वेळ लावतात’ ही वाक्यं तुम्हीही ऐकली असतील. पण नंतरच्या अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं ते हे की गर्दीचं मोठं कारण तिसऱ्या भागात असतं, म्हणजे दाखल करायचं ठरूनही वर जागा नाही म्हणून खाली अडकलेल्या रुग्णांत. तुमच्या स्ट्रेचरवरच्या रुग्णापुरतं कॅज्युअल्टीचं काम संपलेलं आहे. तो मेडिसिनचा किंवा सर्जरीचा रुग्ण आहे, फक्त चुकीच्या मजल्यावर आहे. तिथे सहा खाटा टाकल्याने उपचाराची जागा वाढली नाही, थांबायची जागा वाढली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं झालं.

शिवाय त्या खाटांनी आणखी एक परिणाम केला असावा असा माझा अंदाज आहे. खालची रेटारेटी हाच वरच्या वॉर्डांवरचा एकमेव दाब होता. कॅज्युअल्टीतून फोन जायचे, कुणीतरी चिडायचं, मग वर राउंड उरकायचे, डिस्चार्ज हलायचे. नव्या खाटांनी ती रेटारेटी काही महिने पोटात घेतली, फोन कमी झाले आणि वॉर्डांचा वेग सैलावला. हे पडताळणं सोपं आहे. खाटा वाढवण्याआधीच्या सहा महिन्यांतला आणि नंतरच्या सहा महिन्यांतला सरासरी मुक्काम काढा, आणि सकाळी डिस्चार्ज ठरलेले रुग्ण प्रत्यक्ष किती वाजता बाहेर पडत होते तेही पाहा. मुक्काम थोडा जरी लांबला असेल, तर उपायानेच दुखणं परत आणलं हे तुम्हाला कागदावर दाखवता येईल.

तुम्ही प्रशिक्षणात जे शिकलात त्याचा माझ्या लेखी गाभा एवढाच आहे: रुग्णालयात जिथे दुखतं तिथे कारण क्वचितच असतं, आणि कारण बदलण्याची चावी ज्याच्या हातात असते त्याला ते दुखणं जाणवत नाही. कॅज्युअल्टीच्या इन्चार्ज सिस्टरला सगळं दुखतं, पण तिच्या हातात काही नाही. शस्त्रक्रियांची यादी लावणाऱ्या सर्जनच्या हातात बरंच काही आहे, पण रात्री अकराला खाली काय चाललंय ते त्यांना दिसत नाही. या दोघांची गाठ घालून देणं हे तुमचं काम.

आता संचालकांसाठी गणित. अमेरिकेतले संशोधक जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला एक नियम आहे, आणि तो दीर्घकाळ स्थिर असलेल्या कुठल्याही रांगेला लागू पडतो: आत असलेल्यांची सरासरी संख्या म्हणजे येण्याचा सरासरी वेग गुणिले प्रत्येकाचा आतला सरासरी वेळ. तुमचे रोजचे पंचेचाळीस रुग्ण आणि पाच दिवसांचा मुक्काम यांचा गुणाकार २२५ होतो. म्हणजे अडीचशे खाटांपैकी सरासरी ९० टक्के कायम भरलेल्या. हाच मुक्काम साडेचार दिवसांवर आला तर गुणाकार २०२ आणि थोडा वर. एकही वीट न रचता बावीस खाटा मोकळ्या. आणि अर्धा दिवस म्हणजे उपचारात काटछाट नव्हे. तो अर्धा दिवस बहुतेक वेळा उपचार संपल्यावर किंवा दोन उपचारांच्या मधे नुसता वाट पाहण्यात गेलेला असतो.

‘९० टक्के खाटा भरलेल्या’ हे वाक्य बैठकीत अभिमानाने सांगितलं जातं, त्यावरही बोलायला हवं. अगदी साधी रांग घ्या: एक खिडकी, लोक अनियमित येतात, प्रत्येकाला लागणारा वेळ कमीजास्त. खिडकी ८० टक्के वेळ व्यग्र असेल तर तिथे सरासरी ४ माणसं असतात. ९० टक्क्यांना ९ आणि ९५ टक्क्यांना १९. शेवटच्या पंधरा टक्क्यांत माणसं जवळपास पाचपट होतात. रुग्णालय म्हणजे एक खिडकी नव्हे, खाटा जितक्या जास्त आणि जितक्या सामाईक तितकी जास्त भरती पेलते, पण आलेखाचं वळण हेच राहतं. म्हणूनच ‘या सात खाटा ऑर्थोच्या, या नऊ ईएनटीच्या’ अशा छोट्या वाटण्या महाग पडतात. एका वाटणीत रांग लागलेली असते आणि शेजारच्या वाटणीत बेड रिकामा असतो. थोडी मोकळी जागा राखणं याला उधळपट्टी म्हणणाऱ्यांशी मी ठामपणे असहमत आहे. रात्री दोनला आलेला सेप्सिसचा (संसर्गाने जीवावर बेतलेला) रुग्ण त्याच मोकळ्या जागेत येतो.

तर तो अर्धा दिवस कुठे जातो? इथे नकाशा बाजूला ठेवा आणि पायी चाला. एक वॉर्ड निवडा, शक्यतो ज्याच्या इन्चार्ज सिस्टरचा तुमच्यावर विश्वास आहे तो. नुकत्याच घरी गेलेल्या दहा-बारा रुग्णांचा माग उलट दिशेने काढा. बेड संगणकावर रिकामा कधी दिसला, साफ कधी झाला, रुग्ण खोलीबाहेर कधी पडला, बिल कधी झालं, औषधं कधी मिळाली, डिस्चार्ज समरी कधी लिहून झाली, ‘घरी जाऊ शकता’ असं डॉक्टर कधी म्हणाले. आणि सगळ्यात शेवटचा प्रश्न: तसं त्यांना आदल्या दिवशी म्हणता आलं असतं का? कागदावर प्रत्येक टप्पा वीस-पंचवीस मिनिटांचा असतो. प्रत्यक्षात समरी लिहिणारे निवासी डॉक्टर दुपारपर्यंत थिएटरमध्ये असतात आणि पुढचं सगळं त्यांच्या सहीसाठी खोळंबतं. अशा वेळी ‘बिलिंगवाले हळू आहेत’ असं म्हणून बिलिंगला एक माणूस वाढवून काही साधत नाही, कारण समऱ्या दुपारी एकगठ्ठा येणार आणि रांग तिथे सरकणार.

चालताना तुम्हाला काही गोष्टी दिसतील, त्यांचा राग येऊ देऊ नका. उदाहरणार्थ, रिकामे बेड लपवले जातात. हे जगभरच्या रुग्णालयांत होतं आणि त्यामागे आळस नसतो. संध्याकाळी सहाला बेड रिकामा झाला. सातला पाळी बदलणार. आता कळवला तर ऐन हँडओव्हरमध्ये नवा रुग्ण येणार, त्याची फाइल, त्याची लाइन, त्याचे घाबरलेले नातेवाईक, आणि हातातले वीस रुग्ण अर्धवट सांगून होणार. म्हणून सिस्टर बेड साडेसातला कळवतात. तिच्या जागी उभं राहून पाहिलं तर हा निर्णय रुग्णांच्या सुरक्षेसाठीच आहे. पण सहा वॉर्डांनी असं केलं की खाली दीड तास सहा रुग्ण थांबतात, खालची माणसं घाईला येतात, वर पाठवताना अर्धवट माहिती देतात आणि त्या अनुभवाने वॉर्ड पुढच्या वेळी बेड आणखी उशिरा कळवतात. हे चक्र स्वतःला खाऊ घालत वाढतं. त्यावर ‘बेड तत्काळ कळवावा’ असं परिपत्रक काढून उपयोग नाही. पाळी बदलतानाच्या तासात नवा रुग्ण वर पाठवायचा नाही आणि त्याबदल्यात बेड रिकामा होताच कळवायचा, असा करार करा. दोन्ही बाजूंना काहीतरी मिळालं की वागणं बदलतं.

दुसरं चक्र प्रयोगशाळेत सापडेल. रिपोर्ट उशिरा येतात, म्हणून डॉक्टर फॉर्मवर ‘अर्जंट’ लिहितात. अर्जंटचे नमुने वाढले की अर्जंटही उशिरा होतात आणि साध्याला तर कुणी हात लावत नाही. मग साधा नमुनाही अर्जंट म्हणूनच जातो. प्रत्येक डॉक्टर आपल्या रुग्णाचं भलंच करत असतो आणि सगळे मिळून सगळ्यांच्या रुग्णांना थांबवत असतात. हे चित्र तुमच्या भिंतीएवढ्या नकाशात कुठेतरी असेलच. पण ते एकटं काढून, शेजारी आठवडाभराचे अर्जंट आणि साधे आकडे लिहून, प्रयोगशाळेचे प्रमुख आणि दोन वॉर्डांचे डॉक्टर यांच्यासमोर ठेवलं तर तासाभरात काहीतरी ठरेल. माझ्या मते तुमचा नकाशा चुकीचा नव्हता. त्यात सगळं होतं, त्यामुळे पाहणाऱ्याला स्वतःचं काम सापडलं नाही. शिवाय तो तुम्ही एकट्याने काढलात. पुढच्या वेळी एकच चक्र घ्या आणि त्यात रोज अडकणाऱ्या माणसांच्या हातात पेन द्या. बाण कुठला कुठे जातो यावर त्यांच्यात वाद झाला तर उत्तमच. त्या वादासाठीच चित्र काढायचं असतं.

आता सगळ्यात अवघड जागा, ऑपरेशन थिएटर. आपण समजतो की तातडीचे रुग्ण बेभरवशाचे आणि ठरवून केलेल्या शस्त्रक्रिया शिस्तीच्या. अमेरिकेतले संशोधक युजीन लिटवाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आकडे मांडले तेव्हा अनेक रुग्णालयांत उलटं दिसलं. अपघात, हृदयविकार, ताप यांचं दिवसागणिक येणं बऱ्यापैकी एकसारखं असतं. मोठे चढउतार असतात ते नियोजित शस्त्रक्रियांच्या यादीत, कारण ती सर्जनच्या सोयीनुसार लागते. आठवड्याच्या सुरुवातीला मोठ्या शस्त्रक्रिया एकावर एक आल्या की मधल्या दिवसांत आयसीयू भरतं, तिथून उतरणारे रुग्ण वॉर्डांतले बेड भरतात, आणि कॅज्युअल्टीतला रुग्ण स्ट्रेचरवरच राहतो. बोस्टन मेडिकल सेंटर आणि सिनसिनाटीचं बालरुग्णालय यांनी याद्या आठवड्याभरात समतोल पसरवून आणि तातडीच्या शस्त्रक्रियांना वेगळं थिएटर ठेवून हा ताण कमी केला. तुमच्याकडे हे पहिल्या दिवशी मांडू नका. सर्जनचे दिवस बदलणं म्हणजे त्यांची बाह्यरुग्ण सेवा, शिकवणं, दुसरीकडच्या बांधिलक्या, सगळंच हलवणं. पण वारानुसार नियोजित शस्त्रक्रियांचा आणि कॅज्युअल्टीत थांबलेल्या रुग्णांचा आलेख एकाच कागदावर काढून ठेवा. दोन रेषा एकामागोमाग चढताना दिसल्या तर एखादे ज्येष्ठ सर्जन स्वतःहून विचारतील. त्यांनी विचारेपर्यंत थांबणं हे ढोपरं टेकून विनवण्यापेक्षा बरं.

दुखणं चावीवाल्यापर्यंत पोहोचवण्याचा सर्वांत थेट प्रयोग न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रूक विद्यापीठाच्या रुग्णालयात झाला. तिथल्या तातडीच्या विभागातल्या पीटर विसेलिओ यांनी प्रश्न असा मांडला: दहा रुग्ण एकाच कॅज्युअल्टीच्या बोळात ठेवण्यापेक्षा दहा वॉर्डांच्या बोळात एकेक का ठेवू नये? कॅज्युअल्टी पूर्ण भरली की स्थिर प्रकृतीचे दाखल रुग्ण वेगवेगळ्या वॉर्डांत वर पाठवायचे, भले पहिल्यांदा त्यांना खोली नसेल. झालं असं की वर पोहोचलेल्या बऱ्याच रुग्णांना थोड्याच वेळात खोली मिळाली. खालून फोनवर न सापडणारे बेड रुग्ण डोळ्यांसमोर आल्यावर सापडले, कारण डिस्चार्जला थोडी घाई करण्याचं कारण आता वॉर्डाच्या दारातच होतं. हा उपाय शिक्षा म्हणून वापरला तर वॉर्डातल्या सिस्टर तुम्हाला कधीच माफ करणार नाहीत, आणि ते योग्यच असेल. कोणता रुग्ण पाठवायचा नाही हे आधी लिहून ठरवा: मॉनिटर लागणारा, ऑक्सिजन जास्त लागणारा, संसर्गामुळे वेगळा ठेवायचा. एका वॉर्डावर एकापेक्षा जास्त नाही. मनुष्यबळ कमी असेल त्या पाळीत नाही.

संचालक एखादं लक्ष्य ठरवायला निघतील, ‘चार तासांत रुग्ण वर’ अशा प्रकारचं. इंग्लंडने ते केलं. तातडीच्या विभागातल्या ९८ टक्के रुग्णांना चार तासांत दाखल करावं किंवा घरी वा दुसरीकडे पाठवावं असं लक्ष्य २००४ पर्यंत गाठायचं ठरलं, आणि प्रतीक्षा खरंच घटली, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण रुग्ण विभागाबाहेर पडण्याच्या वेळा मांडल्या तेव्हा चार तास भरण्याआधीच्या काही मिनिटांत उंच सुळका दिसला. काही रुग्णांना घड्याळाने हलवलं होतं, प्रकृतीने नव्हे. २०१० मध्ये ते लक्ष्य ९५ टक्क्यांवर आणलं गेलं. तुम्हाला मोजायचंच असेल तर दारातून आत आल्यापासून घरी जाईपर्यंतचा पूर्ण वेळ मोजा, आणि तो आकडा कुठल्याही एका विभागाच्या नावावर टाकू नका. सोबत घरी गेल्यावर काही दिवसांत परत आलेल्यांची संख्या ठेवा. मुक्काम कमी करण्याच्या नादात कुणाला अर्धवट बरं करून पाठवलं जात असेल, तर ते तिथेच दिसेल.

आता त्या सिस्टर. या भागावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण तुमचा पुढचा सगळा उद्योग यावर टिकणार की कोसळणार हे ठरेल.

तो डोस चुकला तेव्हा रुग्ण नेमका कुणाचा होता? दाखल झाल्यामुळे त्याचे आदेश मेडिसिनच्या डॉक्टरांनी लिहिले. औषधालयाने डोस बहुधा वॉर्डाच्या ट्रेमध्ये पाठवला, कारण कागदावर तो वॉर्डात होता. वॉर्डातल्या सिस्टरने त्याला पाहिलेलंच नव्हतं. कॅज्युअल्टीतल्या सिस्टरच्या यादीत तो ‘दाखल, वर जायचा’ असा होता, म्हणजे तिच्या कामातून निघालेला. तुमच्याकडे तपशील थोडे वेगळे असतील, पण चौकशीच्या कागदात यातलं किती आलं ते तपासा. दोन विभागांच्या मधल्या फटीत रुग्ण पडला आणि फटीच्या सगळ्यात जवळ उभी असलेली बाई दोषी ठरली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

जेम्स रीझन या मानसशास्त्रज्ञाने २००० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये चुकांकडे पाहण्याच्या दोन पद्धती मांडल्या. एक माणसाकडे बोट दाखवते: विसराळू, निष्काळजी. दुसरी विचारते की मधे एवढे अडसर असताना ते सगळे एकाच वेळी निकामी कसे झाले. दुसरी पद्धत म्हणजे सौम्यपणा नव्हे, उलट ती जास्त कठोर आहे, कारण ती प्रशासनालाही उत्तर मागते. रक्ताच्या कर्करोगात दिलं जाणारं व्हिन्क्रिस्टीन हे औषध फक्त शिरेतून द्यायचं असतं. मणक्यात गेलं तर रुग्ण जवळपास कधीच वाचत नाही. त्याच उपचारात दुसरं एक औषध मणक्यात द्यायचं असतं, तेही सिरिंजमध्येच, कधी कधी त्याच दिवशी. सूचना, लाल लेबलं, दुहेरी तपासणी, सगळं असूनही वेगवेगळ्या देशांत हे मृत्यू घडत राहिले. मग व्हिन्क्रिस्टीन सिरिंजऐवजी सलाइनच्या छोट्या पिशवीत भरून देण्याची पद्धत पुढे आली, आणि २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेनेही तसा इशारा दिला. पिशवीतलं औषध चुकून मणक्यात देणं जवळजवळ अशक्य आहे. दमलेल्या डॉक्टरच्या सावधपणावर विसंबण्याची गरजच त्याने काढून टाकली. तुमच्या चुकलेल्या डोसची अशी ‘पिशवी’ कोणती? कदाचित एवढीच, की रुग्ण शरीराने जिथे आहे तिथलीच सिस्टर त्याची सिस्टर, आणि औषधालयाच्या संगणकात खाट प्रत्यक्ष हलल्याशिवाय वॉर्ड बदलणार नाही.

मेमोचा दुसरा परिणाम अजून तुम्हाला दिसलेला नाही, तो हळूहळू येतो. अमेरिकेतल्या संशोधक एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध केला. चांगली टीम असलेल्या युनिटांत चुका कमी असतील अशी त्यांची अपेक्षा होती. नोंदलेल्या चुका तिथे जास्त निघाल्या, आणि त्यांनी शोध घेतला तेव्हा त्याचं कारण असं दिसलं की तिथली माणसं चूक सांगायला घाबरत नव्हती. त्या मेमोनंतर तुमच्याकडच्या नोंदी किती घटल्या ते पाहा. घटल्या असतील तर रुग्णालय सुरक्षित झालं असं समजू नका, तुम्हाला दिसणं बंद झालं आहे. आणि वॉर्डात तुम्ही पायी चालून विचारायला जाल तेव्हा रिकाम्या बेडची खरी गोष्ट तुम्हाला कोण सांगेल?

म्हणून सगळ्यात आधी, दहा-बारा रुग्णांचा माग काढण्याच्याही आधी, ती चौकशी पुन्हा उघडायला लावा आणि मेमो लेखी मागे घ्यायला लावा. त्या समितीत तुम्हीही होता, त्यामुळे हे तुम्हीच मागू शकता. त्या सिस्टरला समोर बसवून त्या रात्रीचा तास न तास तिच्याकडून ऐका, आणि रुग्णाच्या कुटुंबाला काय सापडलं ते सांगा. जाणूनबुजून नियम मोडणाऱ्याला जाब विचारलाच पाहिजे, त्याबद्दल दुमत नाही. पण या प्रकरणात तसं काही तुमच्या पत्रात दिसत नाही.

इतर ठिकाणचा तयार उपाय उचलून आणण्याचा मोह होईल, त्याबद्दल एक सांगते. जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रियेच्या वेळची तपासणी यादी आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत वापरली तेव्हा मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं, असं २००९ साली प्रसिद्ध झालं. पुढे कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताने ती सक्तीची केली. १०१ रुग्णालयांचे आकडे २०१४ साली आले, आणि मृत्यूंत म्हणण्यासारखी घट दिसली नाही. यादी तीच होती. यावर बरेच वाद झाले. माझं मत असं की कागद एका रुग्णालयातून दुसऱ्यात सहज जातो, पण तो वापरायला लागणारं बोलणं, म्हणजे सिस्टरने सर्जनला ‘थांबा’ म्हणणं आणि सर्जनने थांबणं, ते प्रत्येक ठिकाणी नव्याने उभं करावं लागतं. म्हणून वर लिहिलेलं काहीही जसंच्या तसं लागू करू नका. एका वॉर्डात करून पाहा, आठवड्याने त्याच माणसांना विचारा, बदला, पुन्हा करा. तीन महिन्यांत काही दिसलं नाही म्हणून सोडूही नका. मुक्कामासारखा आकडा सावकाश हलतो, आणि घाईने रोज नवा उपाय टाकला तर कशाने काय झालं ते कधीच कळणार नाही.

संचालकांना पुढच्या बैठकीत सांगा की आकडा देईन, पण एका वॉर्डाचं काम झाल्यावर. लिटल यांचा गुणाकार त्यांच्यासमोर करा, बावीस खाटांची किंमत त्यांना माझ्यापेक्षा चांगली कळेल. त्याच बैठकीत एक गोष्ट लेखी ठरवून घ्या, आणि याबाबत मागे हटू नका. अमेरिकेतले आरोग्यसेवेचे अभ्यासक मिल्टन रोमर यांनी १९५९ च्या सुमारास दाखवलं होतं की रुग्णालयात खाट असली की ती भरते. तुम्ही मोकळ्या केलेल्या खाटाही भरतील, बहुधा नियोजित शस्त्रक्रियांनी, आणि वर्षभरात तुम्ही पुन्हा ९० टक्क्यांवर असाल, शिवाय सगळे म्हणतील की तो प्रयोग फसला. त्यामुळे मोकळ्या झालेल्या खाटांपैकी किती तातडीच्या रुग्णांसाठी राखायच्या, त्या कुणाच्या सहीने दुसरीकडे वापरता येतील, आणि भरती किती टक्क्यांवर गेली की नियोजित रुग्ण दाखल करणं थांबवायचं, हे काम सुरू होण्याआधी कागदावर येऊ द्या. सर्जरी आणि मेडिसिन दोन्हीच्या प्रमुखांच्या सह्यांसह.